आमची पोरं काय दिवे लावणार, ते सांगतो



या वेळी आम्ही पीएच.डी. आणि फेलोशिप या विषयावर लिहितोय. काही जण म्हणतील, यांना झालंय काय? इथं फॉरेस्ट प्लॉटचा निकाल लागेना, हिरड्याला भाव मिळेना, आश्रमशाळेत गणिताला मास्तर नाही आणि हे विद्यापीठाच्या गोष्टी सांगत बसलेत. आमचं म्हणणं असं की ही गोष्ट विद्यापीठाची कमी आणि जमिनीची जास्त आहे. कशी ते खाली मांडलंय. ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवा, आणि मग पटलं नाही तर बैठकीत भांडा आमच्याशी.

आधी पीएच.डी. म्हणजे काय ते साध्या भाषेत सांगतो. बारावी झाली, मग तीन वर्षं बी.ए. किंवा बी.एस्सी., मग दोन वर्षं एम.ए. किंवा एम.एस्सी. त्याच्यापुढं एखाद्या विषयात स्वतः शोध घ्यायचा, गावं फिरायची, जुने कागद बघायचे, माती-बियाणं-पाणी तपासायचं आणि जे सापडलं ते पुराव्यानिशी लिहायचं. त्या लिखाणाला प्रबंध म्हणतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे या कामाला कमीत कमी तीन आणि साधारण सहा वर्षं मिळतात. एवढी वर्षं त्या पोरानं खायचं काय? म्हणून सरकार दरमहा पैसे देतं. तीच फेलोशिप. मराठीत अधिछात्रवृत्ती म्हणतात, पण पोरं फेलोशिपच म्हणतात, आम्हीही तेच म्हणू.

पैसे किती? नेट-जेआरएफ पास झालेल्याला १ जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षं दरमहा ३७,००० रुपये आणि पुढं ४२,००० रुपये. आदिवासी मुलांसाठी केंद्र सरकारची वेगळी राष्ट्रीय फेलोशिप आहे. २००५-०६ मध्ये ती राजीव गांधींच्या नावानं सुरू झाली, आता आदिवासी कार्य मंत्रालय ती चालवतं. तिच्यात साऱ्या देशात वर्षाला ७५० मुलं घेतात. २०११ च्या जनगणनेत देशात आदिवासी १० कोटींच्या वर होते. एकट्या महाराष्ट्रात १ कोटी ५ लाख. दहा कोटींत साडेसातशे! एका बाजूला एवढी माणसं आणि दुसऱ्या बाजूला एवढ्या जागा, हे डोळ्यांपुढं ठेवा.

राज्य सरकारच्याही संस्था आहेत. अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी, ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांसाठी महाज्योती, आणि आपल्यासाठी पुण्याची आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था, म्हणजे टीआरटीआय. ती १९६२ पासून आहे. २०२३ मध्ये सरकारनं या सगळ्यांना मिळून एक समान धोरण आणलं आणि फेलोशिपच्या जागांवर मर्यादा घातली. त्याच वर्षी डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात सारथीच्या जागांचा प्रश्न निघाला, तेव्हा उपमुख्यमंत्री अजित पवार बोलून गेले की पीएच.डी. करून ही मुलं काय दिवे लावणार? पुढं त्यावर गदारोळ झाला, सारवासारव झाली. पण जे मनात असतं तेच तोंडातून निघतं. त्याच महिन्यात बार्टी, सारथी, महाज्योतीच्या फेलोशिपसाठी परीक्षा घेतली, तर २०१९ च्या सेट परीक्षेचीच जुनी प्रश्नपत्रिका पोरांच्या हातात पडली. जानेवारीत परीक्षा पुन्हा घ्यावी लागली, तिच्यातही गोंधळ झाला. पोरं रस्त्यावर बसली. दिवे कोणी लावले ते यावरून समजा.

आता दिव्याचा विषय निघालाच आहे तर आमच्या डोंगरातल्या दिव्याचंही बोलू. भंडारदऱ्याचं धरण १९२६ ला पुरं झालं. जमिनी आमच्या आजे-पणजांच्या बुडाल्या. पाणी खाली संगमनेर, राहाता, श्रीरामपूर, राहुरीच्या उसाला गेलं. घाटघरला २५० मेगावॅटचा वीज प्रकल्प झाला. वीज आमच्या खोऱ्यात होते आणि दिवे दुसरीकडं लागतात. तेव्हा ज्या माणसांच्या पाण्यावर राज्याचे दिवे लागतात, त्यांच्या पोरांना काय दिवे लावणार म्हणून कोणी विचारू नये.

मग आमची पोरं खरंच काय दिवे लावतील? त्याचं पहिलं उत्तर वनहक्क कायद्यात आहे. २००६ च्या कायद्याचे नियम २००८ ला आले. त्यातला नियम १३ आपल्या प्रत्येक वनहक्क समितीला पाठ पाहिजे. दाव्याला कोणते पुरावे चालतात ते त्यात दिलंय. आपल्याला काय माहीत असतं? दंडाची पावती, मतदार यादी, रेशनकार्ड, आणि गावातल्या म्हाताऱ्या माणसाचा जबाब. पण त्याच नियमात सरकारी गॅझेटियर आहे, जुने नकाशे आहेत, वंशावळ आहे, जुन्या विहिरी, स्मशानभूमी, देवस्थानं आहेत. आणि नामांकित संस्थांनी केलेला संशोधन अभ्यास, चालीरीतींची नोंद, हेसुद्धा पुरावा म्हणून सांगितलंय. म्हणजे आपल्या गावाच्या वहिवाटीवर नीट अभ्यास झाला, देवराई कुठून कुठपर्यंत, गुरं कोणत्या वाटेनं जायची, नागली-वरईची शेतं कोणत्या उतारावर फिरायची, हे कोणी शास्त्रानं लिहून ठेवलं, तर तो कागद उपविभागीय समितीपुढं टाकता येतो. कायदा असंही सांगतो की कोणत्याही एकाच प्रकारच्या कागदासाठी समितीनं अडून बसायचं नाही.

आता बघा, अहमदनगर जिल्ह्याचं इंग्रजांनी काढलेलं गॅझेटियर १८८४ चं आहे, आणि ते इंग्रजीत आहे. देवगावच्या राघोजी भांगरेंना २ मे १८४८ ला ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिलं. त्यांच्या बंडाच्या काळचे सरकारी कागदही इंग्रजांनी त्यांच्या भाषेत, त्यांच्या नजरेनं लिहिले. त्या नजरेत आपला नायक दरोडेखोर असतो. दप्तरखान्यात जाऊन ते कागद काढायचे, वाचायचे, त्यातून आपल्या गावाचं नाव, आपल्या डोंगराचा उल्लेख शोधायचा, हे काम कोण करणार? आपण मोर्चात चालतो. २०२३ च्या एप्रिलमध्ये अकोल्याहून लोणीकडं हजारो माणसं उन्हात पायी निघाली. त्याच्या आधी २०१८ च्या मार्चमध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत पाय सोलून निघाले. मोर्च्यानं सरकार बोलायला येतं, आश्वासन लिहून देतं. पण नंतर दावा जेव्हा टेबलावर जातो तेव्हा तिथं कागद बोलतो. फेब्रुवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला होता की दावे फेटाळलेल्यांना जमिनीवरून हटवा. पंधरा दिवसांत त्याला स्थगिती मिळाली म्हणून आपण आज जागेवर आहोत. ते पंधरा दिवस ज्यांनी काढले त्यांना पुराव्याची किंमत वेगळी सांगायला नको.

दुसरं उत्तर असं. आपल्यावर संशोधन होत नाही असं नाही, पुष्कळ झालंय. मुंबई विद्यापीठातले मोठे समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी १९५७ मध्ये महादेव कोळ्यांवर पुस्तक काढलं. ल. ना. चापेकरांनी १९६० मध्ये सह्याद्रीतल्या ठाकरांवर लिहिलं. दोन्ही इंग्रजीत. आमच्या घरांत ती पुस्तकं कधी आली नाहीत. घुर्ये विद्वान होते यात शंका नाही. पण १९४३ मध्येच त्यांनी मांडलं होतं की आदिवासी म्हणजे मागासलेले हिंदूच. एका प्राध्यापकानं पुस्तकात लिहिलेली ओळ पुढं धोरणात शिरते, शाळेच्या पुस्तकात शिरते, आणि 'तुम्ही वेगळे कशाला समजता' म्हणून आपल्यालाच ऐकवली जाते. उलट जुन्नरकडच्या निमगिरीचे डॉ. गोविंद गारे बघा. आपल्याच महादेव कोळी समाजातले, टीआरटीआयचे संचालक झाले, आणि आपल्या माणसांवर मराठीत लिहीत राहिले. त्यांची पुस्तकं आमच्या कार्यकर्त्यांनी वाचलीत, शिबिरांत वाचून दाखवलीत. लिहिणारा कुठं बसून लिहितो आणि कोणाच्या भाषेत लिहितो, त्यानं एवढा फरक पडतो.

तिसरं उत्तर आपल्याच जिल्ह्यातलं आहे. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना विठ्ठलराव विखे पाटलांनी उभा केला, हे शाळेत शिकवतात. पण त्यांच्या शेजारी धनंजयराव गाडगीळ उभे होते. ते पुण्याच्या गोखले संस्थेचे संचालक, अर्थशास्त्रातले मोठे संशोधक. कारखान्याचे पहिले अध्यक्ष तेच. म्हणजे अभ्यास करणारा माणूस ऊसवाल्या शेतकऱ्याच्या बाजूनं उभा राहिला, आणि सारा जिल्हा पालटला. पुढं १९६८ मध्ये राहुरीला महात्मा फुले कृषी विद्यापीठ झालं. तिथं ऊस, ज्वारी, कापूस, डाळिंब यांवर पिढ्यान् पिढ्या अभ्यास चाललाय. आम्हाला त्याचा राग नाही. खालच्या शेतकऱ्याचं भलं झालं ते चांगलंच. पण धरणाच्या वरच्या अंगाला, जिथून पाणी येतं, तिथल्या माणसाच्या बाजूनं असा अभ्यास करणारा कोण उभा राहिला? आमच्या काळभाताचं, जिरवेलचं, वरईचं, वालाचं अर्थशास्त्र कोणी मांडलं? कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत, पण त्यांनी गावरान बियाणं जपलं, आणि २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. आमच्या मायबाईंनी बियाणं जपायचं आणि त्यावर लिहिण्याची पदवी दुसऱ्या कोणी घ्यायची, असं किती दिवस चालायचं? राहीबाईंच्या नातवंडांच्या वयाची जी पोरं आज आश्रमशाळेत आहेत, त्यांतलं कोणीतरी त्या बियाण्याचा डॉक्टर झालं पाहिजे.

म्हणून आम्ही म्हणतो, फेलोशिप ही खैरात नाही. आमचं पाणी, आमची वीज, आमची बुडालेली जमीन, त्यातलं हे अगदी थोडं परत येणं आहे.

आता या वाटेवर पोरांना काय काय आडवं येतं ते सांगतो. हे आम्ही आमच्या गावांतल्या शिकणाऱ्या मुला-मुलींशी बोलून लिहितोय.

पहिला अडसर जातपडताळणी. आदिवासीची फेलोशिप पाहिजे तर जातवैधता पाहिजे. त्यासाठी ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा पुरावा मागतात. आता ज्याचा आजा शाळेतच गेला नाही, ज्याच्या नावावर जमीन नाही कारण ती फॉरेस्टनं आपल्या नावावर करून टाकली, त्यानं १९५० चा कागद कुठून आणायचा? बघा, जमिनीचा प्रश्न इथंही येऊन ठेपला. पडताळणीच नको असं मात्र आम्ही कधी म्हणणार नाही. १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा जो मोठा निकाल लागला, ज्यानं पडताळणी समित्यांची पद्धत घालून दिली, तो खटला महादेव कोळी असल्याच्या खोट्या दाव्याचाच होता. आमच्या नावावर दुसऱ्यांनी जागा लाटल्या, हे आपण भोगलंय. २०१७ मध्ये त्याच न्यायालयानं सांगितलं की खोट्या दाखल्यावर मिळवलेलं ठेवता येणार नाही. म्हणून पडताळणी कडक पाहिजे. पण ती खोट्याला कडक पाहिजे. आज होतं उलटं. पैसेवाला खोटा माणूस वकील लावतो, आणि डोंगरातल्या खऱ्या माणसाला दहा हेलपाटे घालायला लावतात.

दुसरा अडसर भाषेचा. २०२४ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगानं ठरवलं की पीएच.डी. च्या प्रवेशाला नेट परीक्षेचे गुण धरायचे. नेटची प्रश्नपत्रिका भाषाविषय सोडले तर इंग्रजी आणि हिंदीत येते. आमचं पोर घरी डोंगरातली बोली बोलतं, शाळेत पुस्तकी मराठी शिकतं, कॉलेजात मराठी माध्यमातनं एम.ए. करतं आणि परीक्षेला त्याच्यापुढं इंग्रजी-हिंदी टाकतात. त्याला विषय येतो, प्रश्न समजत नाही.

तिसरा अडसर म्हणजे पैसे मिळणार असं पत्र येतं पण पैसे येत नाहीत. आमच्या भागातल्या एका मुलीचं उदाहरण देतो. नाव, विद्यापीठ काही सांगत नाही, तिला त्रास नको. फेलोशिपला नाव लागलं म्हणून वाडीत पेढे वाटले. मग दर तीन महिन्यांनी मार्गदर्शकाची सही, विभागप्रमुखाची सही, कार्यालयाचा शिक्का, मग बँकेत, मग ऑनलाईन. एका ठिकाणी अडलं की सगळं अडलं. आठ महिने एक रुपया आला नाही. खोलीभाडं, मेसचं बिल, गावोगाव फिरायचा खर्च, सगळं उधारीवर. बापानं बैल विकला. आठ महिन्यांनी एकरकमी पैसे आले तेव्हा वाडीतले लोक म्हणाले, बघा, एवढे लाख रुपये मिळाले! कोणी हे पाहिलं नाही की त्यातले निम्मे आधीच खर्च होऊन गेलेत, आणि बैल काही परत आला नाही.

हे एकट्या तिचं नाही. हैदराबादच्या केंद्रीय विद्यापीठातला रोहित वेमुला जानेवारी २०१६ मध्ये गेला. जाताना लिहिलेल्या चिठ्ठीत त्यानं सात महिन्यांच्या थकलेल्या फेलोशिपचा हिशेब लिहिला होता, पावणेदोन लाख रुपये, आणि ते घरच्यांना मिळावेत असं सांगितलं होतं. मरताना माणूस देवाचं नाव घेतो. त्या पोराला थकीत बिलाची आठवण ठेवावी लागली. यापेक्षा वाईट काय असतं?

चौथा अडसर, राहायचं कुठं? आदिवासी वसतिगृहात आधीच जागा कमी. २०१८ मध्ये सरकारनं वसतिगृहातली खानावळ बंद करून पैसे खात्यावर टाकायचं काढलं, तेव्हा जुलैत आमची पोरं पुण्याहून नाशिककडं पायी निघाली होती. नाशिक गाठायच्या आधीच त्यांना अडवलं. पीएच.डी. करणाऱ्याचं वय पंचवीस-तीस. कुणाचं लग्न झालेलं, कुणाला लेकरू. मुलींचं तर विचारूच नका. २०२२ च्या नियमांत बाईला दोन वर्षं जास्त आणि २४० दिवस बाळंतपणाची रजा दिलीय, हे चांगलं केलं. पण फेलोशिप पाचच वर्षं. वरची वर्षं तिनं कशावर काढायची?

आणि ज्यांना यातलं काहीच मिळालं नाही त्यांचं काय? केंद्रीय विद्यापीठात नेट नसलेल्या संशोधकालाही दरमहा ८,००० रुपये मिळतात. २०१५ मध्ये तेही बंद करायला निघाले होते, दिल्लीत विद्यार्थी रस्त्यावर बसले म्हणून वाचले. आपल्या जिल्ह्यातली कॉलेजं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाखाली येतात. ते राज्याचं विद्यापीठ. राज्याच्या विद्यापीठातल्या पोरांना केंद्राचे ते ८,००० लागू नाहीत. म्हणजे दिल्लीतल्या पोराला जेवढं हक्कानं मिळतं, तेवढंही अकोल्याच्या पोराला नाही.

आता आपल्यातल्याच लोकांचे सवाल घेतो. ते रास्त आहेत.

पहिला सवाल: दहावीत पोरं गळतात, आधी आश्रमशाळा सुधारा, मग पीएच.डी. बघा. खरंय, आश्रमशाळेचं भांडण आपण सोडलेलं नाही. पण एकाचं देऊन दुसऱ्याचं काढायचं ही सरकारची चाल असते, ती आपण आपल्या तोंडानं कशाला बोलायची? पायथ्याला दिवा पाहिजे आणि माथ्यालाही पाहिजे. आणि आश्रमशाळेत पोरं का गळतात, जेवणात काय देतात, किती पोरं आजारानं जातात, याचा खरा अभ्यास करणाराही आपलाच माणूस लागणार आहे.

दुसरा सवाल: एवढे पैसे? वाडीतल्या माणसाला रोजगार हमीवर २०२४-२५ पर्यंत दिवसाला तीनशेही मिळत नव्हते आणि याला महिन्याला ३७,००० कशाला? आमचं उत्तर असं की त्याला जास्त मिळतं हे चूक नाही, आपल्याला कमी मिळतं हे चूक आहे. प्राध्यापकाचा पोरगा घरच्या पैशावर दहा वर्षं शिकू शकतो. आपल्या पोरानं घरी पैसे पाठवायचे असतात. फेलोशिप नसेल तर तो दोन महिन्यांत नारायणगावला टोमॅटो तोडायला जातो, किंवा कंपनीच्या गेटवर उभा राहतो.

तिसरा सवाल सगळ्यांत मोठा आणि तो विचारताना म्हातारी माणसं गप्प होतात: शिकलेलं पोर परत येतं कुठं? साहेब होतं, पुण्यात फ्लॅट घेतं, गावच्या यात्रेला येतं आणि गाडीतून न उतरता जातं. हे खरं आहे. आम्ही ते झाकणार नाही. समाजाच्या नावावर घेतलेली फेलोशिप समाजाला काही देत नसेल तर ती फेलोशिप नुसती पगारासारखी झाली. म्हणून आम्ही सरकारकडं मागताना आपल्या पोरांकडंही मागतो.

गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावानं हे करून दाखवलंय. तिथं अभ्यासगट चालतो. बाहेरचा जाणकार येतो, गावासोबत बसतो, दोघं मिळून अभ्यास करतात आणि निर्णय ग्रामसभा घेते. २००९ मध्ये त्या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला, त्यामागं हा अभ्यास होता. वनहक्क कायद्याच्या कलम ३(१)(ट) मध्ये, म्हणजे इंग्रजी प्रतीतल्या 'के' पोटकलमात, जैवविविधतेवर आणि आपल्या पारंपरिक ज्ञानावर ग्रामसभेचा सामूहिक हक्क मानलाय. म्हणजे कोणीही संशोधक, आपला असो की परका, गावात आला, झाडपाला, बियाणं, म्हाताऱ्यांच्या गोष्टी घेऊन गेला, तर त्याला ग्रामसभेनं विचारायचा हक्क आहे. काय नेतोस, कशाला नेतोस, परत काय आणशील?

तेव्हा आपल्या मागण्या दोन बाजूंच्या आहेत. सरकारकडं आपण मागायचं:

१. आदिवासी संशोधकांच्या फेलोशिपच्या जागा वाढवा. केंद्राच्या ७५० पुरेशा नाहीत. टीआरटीआयच्या जागा लोकसंख्येच्या मानानं करा.

२. पैसे दर महिन्याला ठरल्या तारखेला खात्यावर टाका. सही एका टेबलावर अडली तर जबाबदारी त्या टेबलाची, पोराची नाही.

३. राज्याच्या विद्यापीठांत ज्यांना कोणतीच फेलोशिप नाही त्यांना किमान मदत सुरू करा.

४. प्रवेशाची आणि फेलोशिपची परीक्षा मराठीतही घ्या.

५. पडताळणीला मुदत घाला. ज्यांच्याकडं १९५० चा कागद नाही त्यांच्या गावात जाऊन चौकशी करा, ग्रामसभेचं म्हणणं लेखी घ्या.

६. मुलींना जेवढी जास्त वर्षं दिलीत तेवढी फेलोशिपही द्या.

आणि आपल्या पोरांकडं ग्रामसभेनं मागायचं:

१. गावात अभ्यास करायच्या आधी ग्रामसभेत उभं राहून सांगायचं की काय करणार आहे.

२. प्रबंध झाल्यावर त्याचा दहा-वीस पानांचा सार मराठीत लिहून गावाला द्यायचा आणि वाचून दाखवायचा. आता प्रबंध शोधगंगा नावाच्या सरकारी संकेतस्थळावर ठेवतात. तो आमच्या म्हाताऱ्याला तिथं कसा सापडणार?

३. वर्षातनं काही दिवस वनहक्क समितीला द्यायचे. म्हाताऱ्यांचे जबाब लिहायचे, वंशावळी मांडायच्या, नकाशे काढायचे, दप्तरखान्यातले कागद आणायचे. या पावसाळ्यात किती म्हातारी माणसं जातील सांगता येत नाही. त्यांच्याबरोबर पुरावा जातो.

४. खालच्या पोरांना हात द्यायचा. फॉर्म कसा भरायचा, तारीख कधी, कागद कोणते, हे एवढं सांगितलं तरी पाच पोरं पुढं जातील.

या गोष्टींना सरकारी जीआर लागत नाही, हे आपलं आपल्याला ठरवता येतं. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत वरच्या सहा मागण्यांचा ठराव घ्या. ठरावाची एक प्रत तहसीलदाराला, एक प्रकल्प कार्यालयाला, एक संघटनेला द्या आणि पोच घ्यायला विसरू नका. आपल्या गावातलं कोणी एम.ए., एम.एस्सी. झालेलं असेल, पीएच.डी. करत असेल किंवा पैशापायी सोडून दिलं असेल, तर त्यांची नावं बैठकीला घेऊन या. गावनिहाय यादी करायची आहे. आमच्यातल्या बहुतेकांचं शिक्षण बारावीवर थांबलं. आम्हाला डॉक्टर व्हायचं नाही. पण दाव्याच्या फाईलीत एक असा कागद पाहिजे की ज्याच्यावर आपल्याच माणसाची सही आहे आणि जो समितीला बाजूला सारता येत नाही.

जल, जंगल, जमीन आमची. त्यांच्याबद्दलचं ज्ञानही आमचं.

जिंदाबाद.